ग्रंथपेटीतला विधिज्ञ : ह्यूगो ग्रोशियस

शेताचा बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला पंचांपुढे उभे करता येते. चोराला पोलीस धरतात आणि न्यायाधीश त्याला शिक्षा सांगतो. परंतु एखाद्या राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राची भूमी बळकावली, अथवा भर समुद्रात परक्याचे जहाज लुटले, तर त्याला कोणाच्या चावडीवर खेचावयाचे? राजे एकमेकांशी वागतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर काही कायदा असतो, की ज्याची तलवार लांब त्याचेच म्हणणे खरे? हा प्रश्न मानवजातीला फार जुन्या काळापासून छळीत आला आहे आणि अद्यापही तो पुरता सुटलेला नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी हॉलंडमधील एका विद्वानाने या प्रश्नाला आपली बुद्धी वाहिली. त्याचे नाव ह्यूगो ग्रोशियस. पुष्कळ जण त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणतात. त्याच्या चरित्रात राजदरबार आहे, तुरुंग आहे, पेटीत बसून केलेले धाडसी पलायन आहे. आणि विद्यार्थ्यांनी शांतपणे विचार करावा असा एक मोठा विरोधाभासही आहे.

ग्रोशियसचा जन्म १० एप्रिल १५८३ रोजी डेल्फ्ट या डच शहरात झाला. घराणे प्रतिष्ठित व विद्याप्रेमी होते. वडील नगरप्रमुख असून लायडन येथील नव्या विद्यापीठाच्या कारभारातही त्यांचा हात होता. मुलाची बुद्धी असामान्य. आठव्या वर्षी तो लॅटिन भाषेत पद्यरचना करू लागला आणि अकराव्या वर्षी लायडन विद्यापीठात दाखल झाला. १५९८ साली हॉलंडचा ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट फ्रान्सच्या दरबारी शिष्टाई करण्यास निघाला, तेव्हा त्याने या पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर नेले. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने त्याला पाहून हॉलंडचा चमत्कार म्हणून त्याचा गौरव केला, असे सांगतात. त्याच दौऱ्यात ऑर्लेआं येथे त्याला कायद्यातील डॉक्टर ही पदवी मिळाली. सोळाव्या वर्षी तो हेग येथे वकिली करू लागला. ज्या वयात आपण शालान्त परीक्षेची चिंता वाहतो, त्या वयात हा मुलगा न्यायालयात उभा राहून पक्षकारांची बाजू मांडीत होता.

त्या काळी डच लोक स्पेनच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचे दीर्घ युद्ध लढत होते. १५८० पासून पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्याच राजाच्या मस्तकावर होता. म्हणून पोर्तुगीज हेही डचांचे शत्रू ठरले. हे वैर युरोपातच राहिले नाही. पूर्वेकडील मसाल्याच्या व्यापारावर पोर्तुगीजांनी शंभर वर्षे आपला मक्ता सांगितला होता आणि त्या सत्तेचे मुख्य ठाणे होते आपले गोवे. गुजरात, कोकण व मलबार या किनाऱ्यांवरील व्यापाऱ्यांना आपल्याच समुद्रात तारू हाकारण्यासाठी पोर्तुगीजांकडून कार्ताझ नावाचा परवाना घ्यावा लागे. परवाना नसलेले गलबत पकडले गेले तर मालासह जप्त होई. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर आपले खारवी व नाखवे वावरले, त्या पाण्याला परका धनी मिळाला होता.

१६०२ साली डचांनी पूर्वेच्या व्यापारासाठी आपली ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली. पुढील वर्षी, २५ फेब्रुवारी १६०३ रोजी, याकोब व्हान हेम्सकेर्क या डच सरदाराने सिंगापूरनजीक सांता कातारिना हे पोर्तुगीजांचे अवाढव्य जहाज पकडले. ते मकावहून मलाक्क्याकडे चालले होते आणि चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी व इतर मौल्यवान वस्तूंनी गच्च भरलेले होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात या मालाचे तीस लक्ष गिल्डरांहून अधिक मोल आले. न्यायालयाने ही युद्धलूट कायदेशीर ठरविली खरी. पण कंपनीच्याच काही भागधारकांच्या मनाला ती पटेना. व्यापारासाठी निघालेल्या लोकांनी दुसऱ्याचे जहाज लुटावे, हा कोणता धर्म? तेव्हा कंपनीची बाजू सप्रमाण मांडण्यासाठी एका तरुण वकिलाला पाचारण करण्यात आले. तोच ग्रोशियस. त्या वेळी तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता.

त्याने युद्धलुटीच्या कायद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. मात्र त्यातील एक प्रकरण १६०९ साली मारे लिबेरुम, म्हणजे मुक्त समुद्र, या नावाने लेखकाचे नाव न घालता प्रसिद्ध झाले. त्यातील युक्तिवाद साधा पण भेदक होता. जी वस्तू ताब्यात घेता येत नाही तिच्यावर मालकी सांगता येत नाही. समुद्राला कुंपण घालता येत नाही; एकाचे जहाज गेल्याने दुसऱ्याची वाट झिजत नाही. म्हणून हवेप्रमाणेच समुद्रही सर्वांचा आहे. पोर्तुगीज म्हणत की पूर्वेकडील देश आम्ही शोधून काढले आणि पोपने ते आम्हांस दिले. ग्रोशियसने उत्तर दिले की जावा, सिंहलद्वीप, मोलुक्का या देशांना त्यांचे स्वतःचे राजे आहेत, कायदे आहेत, मालमत्ता आहे. ज्याला आधीच धनी आहे ते शोधून काढले असे म्हणता येत नाही. आणि जे पोपचे नव्हतेच ते पोपला देताही येत नाही. तेथील लोक ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून त्यांचा हक्क बुडत नाही. युरोपातील एका पंडिताने आशियातील लोकांच्या मालकीचा हक्क इतक्या स्पष्टपणे मान्य करावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

परंतु हे विसरून चालणार नाही, की हा युक्तिवाद एका व्यापारी कंपनीच्या वकिलाने केला होता. त्याची कसोटी लवकरच लागली. मोलुक्का बेटांतील मसाल्याचा व्यापार डच कंपनीने तहांच्या बळावर स्वतःकडे ओढून घेतला आणि इंग्रजांना तेथे मज्जाव केला. १६१३ साली या तंट्याची बोलणी करण्यास डच शिष्टमंडळ लंडनला गेले. त्यात ग्रोशियस होता. तेव्हा इंग्रजांनी मुक्त समुद्र हीच पुस्तिका डचांपुढे ठेवली आणि तीमधील वचने त्यांना ऐकविली! समुद्र व व्यापार सर्वांना खुला असे सांगणारा आता म्हणू लागला, की तेथील लोकांनी आम्हांलाच माल देण्याचे करार केले आहेत आणि करार पाळलेच पाहिजेत. स्वतःच्या हाताने घडविलेले शस्त्र त्याच्यावरच उलटले होते. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण या चरित्राचे मर्म त्यात आहे.

मायदेशी ग्रोशियसचे भाग्य चढते होते. १६०८ साली त्याचा मारिया व्हान रायगर्सबेर्ख या बाणेदार तरुणीशी विवाह झाला आणि १६१३ मध्ये रॉटरडॅम शहराचे प्रमुख विधी-अधिकारीपद त्याच्याकडे आले. पण देशात धर्ममताचा एक कलह पेटत होता. कोणाचा उद्धार व्हावयाचा हे परमेश्वराने आधीच ठरवून टाकले आहे असे एक पक्ष म्हणे. मनुष्याच्या स्वतःच्या इच्छेलाही काही स्थान आहे असे दुसरा म्हणे. वाद तत्त्वज्ञानाचा, पण त्यात सत्तेचे राजकारण शिरले. सहिष्णुतेचा पुरस्कार करणारे ओल्डेनबार्नेव्हेल्ट व ग्रोशियस एका बाजूस आणि सेनापती राजपुत्र मॉरिस दुसऱ्या बाजूस, अशी फळी पडली. ऑगस्ट १६१८ मध्ये मॉरिसने दोघांनाही कैद केले. एका खास न्यायासनापुढे चौकशी झाली. ज्याने देशाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचले त्या एकाहत्तर वर्षांच्या ओल्डेनबार्नेव्हेल्टचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद करण्यात आला. पाचच दिवसांनी ग्रोशियसला जन्मठेप फर्माविण्यात आली. त्याची मालमत्ताही जप्त झाली.

मास व वाल या नद्यांच्या संगमावर लूव्हेस्टाइन नावाचा किल्ला आहे. तेथे त्याला ठेवण्यात आले. मारियाने त्या कोठडीत पतीसमवेत राहणे पत्करले. कैद्याला ग्रंथ वाचण्याची मुभा होती. मित्रांकडून पेटी भरून पुस्तके येत, वाचून झाली की त्याच पेटीतून परत जात. ग्रोशियसने तो काळ वाया जाऊ दिला नाही. त्याने तेथे आपल्या मातृभाषेत, डच भाषेत, हॉलंडच्या कायद्याचे एक पाठ्यपुस्तक रचले. त्या ग्रंथातील रोमन-डच कायद्याचा वारसा दक्षिण आफ्रिकेत व श्रीलंकेत आजही चालत आहे. लॅटिन ही विद्वानांची भाषा असताना आपल्या लोकांच्या भाषेत शास्त्र आणण्याची त्याची ही धडपड, मातृभाषेतून शिकणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना विशेष जवळची वाटते.

पहारेकरी आरंभी पेटी उघडून कसून तपासत. पुढे पुढे त्यांना कंटाळा आला. हे मारियाच्या तीक्ष्ण नजरेने हेरले. तिने पतीला पेटीत अंग चोरून, हालचाल न करता निजण्याचा सराव करावयास लावला. २२ मार्च १६२१ हा दिवस उजाडला. किल्लेदार बाहेरगावी होता. ग्रोशियस पेटीत शिरला, मारियाने कुलूप लावले आणि पती आजारी आहे असे भासविण्यासाठी ती कोठडीतच राहिली. पेटी उचलताना शिपाई तिच्या वजनाबद्दल कुरकुरले; जड जड पुस्तके आहेत अशी त्यांची समजूत घालण्यात आली. घरची तरुण दासी एल्शे पेटीबरोबर नावेत बसली आणि नदीपलीकडे खोर्कुम गावी एका मित्राच्या घरी तिने ती सुखरूप पोचविली. वाटेत तिच्या चेहऱ्यावरची एक रेषा जरी हलली असती, तरी सर्व संपले असते. तेथून गवंड्याचा वेष घेऊन, हातात मोजपट्टी धरून ग्रोशियसने सरहद्द ओलांडली आणि पुढे तो पॅरिसला पोचला. मारियालाही थोड्याच दिवसांत सोडून देण्यात आले. ग्रोशियसचे नाव ग्रंथांवर छापले गेले. पण त्या ग्रंथांमागे मारियाची बुद्धी आणि एल्शेचे धैर्य उभे आहे.

पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाने त्याला वर्षासन बांधून दिले, पण ते वेळेवर मिळेल याची शाश्वती नसे. त्या ओढगस्तीत त्याने आपला महान ग्रंथ लिहून काढला. १६२५ साली युद्ध व शांतता यांचा कायदा या अर्थाच्या लॅटिन नावाने तो प्रसिद्ध झाला. १६१८ मध्ये मध्य युरोपात तीस वर्षांचे भीषण युद्ध सुरू झाले होते. शहरे जळत होती, शेते ओसाड पडत होती. आणि क्षुल्लक कारणांवरून शस्त्र उचलावे, एकदा उचलले की कसलाही विधिनिषेध पाळू नये, अशी राजांची रीत झाली होती. ती पाहून आपण लेखणी हाती घेतल्याचे ग्रोशियसने ग्रंथारंभी नमूद केले आहे.

त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे. मनुष्य हा समाजात राहू इच्छिणारा व विचार करणारा प्राणी आहे. दुसऱ्याचे घेऊ नये, घेतले तर परत द्यावे, दिलेले वचन पाळावे, हे नियम त्या स्वभावातूनच निघतात. ते राजांनाही लागू आहेत, आणि धर्म वेगळा असला तरी लागू आहेत. युद्धाला न्याय्य कारण हवे. स्वसंरक्षण, हिरावून घेतलेले परत मिळविणे आणि अपराधाला शासन ही ती कारणे. केवळ हाव, किंवा शेजारी बलवान होत असल्याची भीती, हे कारण नव्हे. ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्याने तत्कालीन रूढीप्रमाणे विजेत्याला काय काय करता येते याची भयंकर यादी दिली आहे. आणि मग एकेक पाऊल मागे घेत सांगितले आहे, की रूढीने मुभा दिली म्हणून ते करणे योग्य होत नाही. स्त्रिया, मुले, शेतकरी, व्यापारी व शरण आलेले यांना अभय द्यावे. महाभारतात युद्धारंभापूर्वी उभय पक्षांनी ठरविलेले धर्मयुद्धाचे नियम ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा विचार परका वाटणार नाही. ते नियम कुरुक्षेत्रावर मोडले गेले हेही आपल्याला ठाऊक आहे. पण नियम होते म्हणूनच त्या मोडण्याला अधर्म हे नाव मिळाले.

१६३१ साली तो मायदेशी परतला, पण अर्धे वर्षसुद्धा त्याला तेथे सुखाने राहू दिले नाही. पुन्हा परागंदा व्हावे लागले. पुढे स्वीडनने त्याचे गुण ओळखले आणि १६३५ पासून सुमारे दहा वर्षे तो फ्रान्समध्ये स्वीडनचा राजदूत होता. १६४५ साली त्याला परत बोलावण्यात आले. स्वीडनच्या राणी क्रिस्टिनाची भेट घेऊन निघाला असता वादळाने जहाज किनाऱ्यावर आपटले. आजारी अवस्थेत तो जर्मनीतील रोस्टॉक गावी पोचला आणि २८ ऑगस्ट १६४५ रोजी तेथेच त्याने देह ठेवला. तीन वर्षांनी, १६४८ मध्ये, वेस्टफालियाच्या तहाने ते तीस वर्षांचे युद्ध संपले. ते पाहण्यास तो उरला नव्हता. ज्या देशाने त्याला जिवंतपणी थारा दिला नाही, त्या देशाने त्याचे शव मात्र डेल्फ्टच्या प्रार्थनामंदिरात सन्मानाने विसाववले. १८९९ साली हेग येथे पहिली शांतता परिषद भरली तेव्हा अमेरिकन प्रतिनिधींनी त्या समाधीवर रुपेरी पुष्पचक्र वाहिले.

तथापि केवळ स्तुती करणे हे चरित्राचे काम नव्हे. आजचे विद्वान ग्रोशियसविषयी पुष्कळ वाद घालतात. त्याच्या आधी स्पेनचा व्हितोरिया व इटलीचा जेंतिली यांनी याच विषयावर मोलाचे लेखन केले होते, तेव्हा जनक ही पदवी त्याला एकट्याला कशी द्यावी? १८६४ साली त्याच्या घराण्याच्या कागदपत्रांच्या लिलावात युद्धलुटीवरील मूळ हस्तलिखित सापडले आणि मुक्त समुद्र ही पुस्तिका कंपनीच्या वकिलीतून जन्मली हे जगाला कळले. त्याने गुलामगिरीचा सरळ निषेध केला नाही, हेही खरे. ज्या १६२१ साली तो पेटीतून निसटला, त्याच साली त्याच्या कंपनीच्या कून नावाच्या अधिकाऱ्याने, जायफळाचे करार मोडल्याचा ठपका ठेवून, बांदा बेटांतील हजारो लोकांची कत्तल केली व उरलेल्यांना देशोधडीला लावले. करार पाळावेत हे तत्त्व बलवानाच्या हाती कसे वळते याचे याहून कठोर उदाहरण कोणते? उलट मद्रास विद्यापीठात अध्यापन केलेले अलेक्झांड्रोविच यांच्यासारखे अभ्यासक दाखवून देतात, की त्या काळी युरोपीय लोक आशियातील राजांशी बरोबरीच्या नात्याने तह करीत आणि हिंदी महासागरातील मुक्त नौकानयनाची जुनी परंपरा ग्रोशियसच्या सिद्धान्ताला पोषक होती.

या वादात सत्य कोणत्या बाजूस आहे? मला वाटते, लंडनचा तो प्रसंग पुन्हा आठवावा. वकिलाने नियम मांडला तो आपल्या पक्षासाठी. पण तो सर्वांना लागू असे म्हटल्यावाचून त्याला बळ येत नव्हते. आणि एकदा सर्वांना लागू म्हटल्यावर तो त्याच्या एकट्याचा राहिला नाही. प्रतिपक्षाने तो उचलला. पुढे ज्यांना लक्षात घेऊन तो कधीच लिहिला नव्हता अशा लहान व दुबळ्या राष्ट्रांनीही तो उचलला. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी त्या त्या देशाचे, २०० मैलांपर्यंत तेथील मासळी व खनिजे यांवर त्याचा हक्क, पण त्यापलीकडचा खुला समुद्र सर्वांचा, अशी व्यवस्था आहे. भारतानेही हा करार मान्य केला आहे.

याचा एक पुरावा आपल्या अगदी जवळचा आहे. १९५४ साली दादरा व नगरहवेली येथील जनतेने पोर्तुगीज सत्ता झुगारून दिली. आपल्या सैन्याला भारताच्या भूमीतून तेथे जाऊ द्यावे, हा हक्क सांगत पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. तेथे पेशव्यांचा १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांची छाननी झाली. ग्रोशियसच्या देशात बसून जगातील न्यायाधीशांनी जहागीर व सरंजाम या आपल्या शब्दांचा अर्थ लावला आणि मराठ्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाचा हक्क तेवढा दिला होता, राज्य दिले नव्हते, असा निष्कर्ष काढला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांच्या वाटेचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला. सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क मात्र नाकारण्यात आला आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असे ठरले. साम्राज्य बाळगणाऱ्यालाही आपले म्हणणे कागदपत्रांनी सिद्ध करावे लागले. साडेतीनशे वर्षांपूर्वी कार्ताझ नसलेल्या कोकणी नाखव्याला अशी दाद मागण्यास जागाच नव्हती.

विद्यार्थिमित्रांनो, आजही बलाढ्य राष्ट्रे कायदा मोडतात आणि न्यायालयाचे निकाल कित्येकदा कागदावरच राहतात. मग अशा कायद्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. परंतु मोडणारासुद्धा आपण कायदा मोडला असे कबूल करीत नाही. काही ना काही सबब पुढे करतो. ज्याच्यापुढे सबब सांगावी लागते असे काही तरी जगात उभे राहिले आहे, एवढे तरी खरे. ग्रोशियस निर्दोष नव्हता. तथापि त्याच्या चरित्रापासून एक गोष्ट निश्चित शिकावी. आपल्या सोयीसाठी म्हणून जो न्याय आपण मागतो, तोच दुसऱ्याने आपल्याविरुद्ध मागितला तर तो मान्य करण्याचे धैर्य आपल्या अंगी आहे काय? राष्ट्रांची ही परीक्षा आपल्या वर्गात, क्रीडांगणावर आणि घरीही रोज होत असते.